खिडकी बदलायची, पण उघडणार किती?

जूनचा दुसरा आठवडा होता आणि नव्याकोऱ्या खिडकीसमोर मी फडकं आणि बादली घेऊन बसलो होतो. आधीची खिडकी लोखंडी. चाळीसेक वर्षांची, तळाशी गंजून पापुद्रे सुटलेली, तावदानांभोवतीची लांबी वाळून गळत चाललेली. ती काढून मार्चमध्ये पांढरीशुभ्र यूपीव्हीसीची स्लायडिंग बसवून घेतली होती. पहिल्याच मोठ्या सरीला तिचा खालचा ट्रॅक तुडुंब भरला आणि पाणी आतल्या कट्ट्यावरून थेट गादीवर उतरलं. कारण सापडायला दोन दिवस गेले. चौकटीच्या बाहेरच्या अंगाला, अगदी तळाशी, पाणी निघून जाण्यासाठी बोटभर लांबीच्या फटी ठेवलेल्या असतात. बसवणाऱ्या मुलाने बाहेरून सिमेंट फिरवताना त्या लिंपून टाकल्या होत्या. स्क्रूड्रायव्हरने खरवडल्यावर ट्रॅक पाच मिनिटांत रिकामा झाला.

दुसरी चूक मात्र स्क्रूड्रायव्हरने निघण्यासारखी नव्हती, आणि ती माझी होती. जुन्या खिडकीच्या दोन्ही झडपा बाहेर ढकलल्या की अख्खी खिडकी मोकळी व्हायची. नवी खिडकी कितीही सरकवा, अर्धीच उघडते. ठाण्यातल्या मे महिन्यात हा फरक कळायला थर्मामीटर लागत नाही. दुकानात मी काचेचा पांढरेपणा पाहिला, कुलूप पाहिलं, झडप एका बोटाने कशी सरकते त्याचं कौतुक केलं. उघडल्यावर किती उघडेल, हे विचारलंच नाही.

खिडक्यांची माहितीपत्रकं वाचलीत तर ती सगळी बंद खिडकीचे गुण सांगतात: आवाज अडवते, धूळ अडवते, उष्णता अडवते. थंड देशांत हे ठीक आहे. तिथे खिडकी वर्षातले बरेच महिने बंदच असते. आपल्याकडे, निदान मुंबई-कोकणात, खिडकीने बहुतेक वेळ उघडं राहायचं असतं. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली, तिच्यात यासाठी आकडाच दिला आहे. उष्ण-दमट हवामानात घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश भाग उघडू शकणारा हवा. संहिता नव्या इमारतींसाठी आहे आणि हिशेब सगळ्या घराचा मिळून करायचा असतो. पण एका खोलीपुरती फूटपट्टी म्हणून ती वापरायला हरकत नाही.

करून बघा. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. तिला २० चौरस फुटांची मोकळीक हवी. तुमची खिडकी चार बाय पाच, म्हणजे नेमकी २० चौरस फूट आहे असं धरू. दारासारखी उघडणारी, म्हणजे दुकानदार जिला 'ओपनेबल' म्हणतो ती, साधारण ९० टक्के मोकळी होते: १८ चौरस फूट. दोन काचांची स्लायडिंग ५० टक्के: १० चौरस फूट. तीन ट्रॅकवर तीन काचा असतील तर दोन काचा तिसरीमागे जातात आणि दोन तृतीयांश, म्हणजे सव्वातेरा फुटांच्या आसपास मोकळं होतं. इथे एक गफलत नेहमी होते. 'थ्री-ट्रॅक' म्हणून जी सर्रास विकली जाते, तिच्यात दोन काचा आणि एक मच्छरजाळी असते. ती उघडते अर्धीच. तीन काचा आणि जाळी हवी तर ट्रॅक चार लागतात, चौकट जाड होते आणि ती भिंतीच्या जाडीत बसते का, ते पाहावं लागतं.

मग सगळ्यांनी ओपनेबलच का घेऊ नये? ग्रीलमुळे. आपल्या शहरांत खिडकी कोणती बसवायची हे खरं तर ग्रील ठरवतं. ग्रील चौकटीला चिकटून बाहेर असेल तर झडप बाहेर उघडणारच नाही. आत उघडायची म्हटलं तर पडदा, पलंग, टेबलावरचा संगणक, सगळं आडवं येतं. बॉक्स ग्रील असेल तर झडपेची रुंदी आणि ग्रीलचं अंतर मोजा. दोन फुटांची झडप दीड फुटाच्या पिंजऱ्यात पुरती उघडत नाही. तिथे झडपा दोनाऐवजी तीन-चार अरुंद करून काम भागतं. आमच्या जुन्या खिडकीचे गज आतल्या बाजूला होते आणि झडपा बाहेर, हे मला फार उशिरा आठवलं. आपल्या आजोबांच्या काळातल्या कारागिराने गज आत का ठेवले याचं उत्तर त्यात होतं. आज ग्रील नव्याने करणार असाल तर ते आत घेता येतं का, हे आधी बघा, मग खिडकी ठरवा. आणि ग्रील आत असो की बाहेर, त्यातला निदान एक भाग माणूस बाहेर पडेल एवढा, दारासारखा उघडणारा ठेवा. आग लागली तर अग्निशमन दलाच्या जवानाला तुमच्यापर्यंत आणि तुम्हाला त्याच्यापर्यंत पोचायला तीच वाट असते. त्याची किल्ली खिडकीजवळच, पण लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा खिळ्यावर.

विदर्भात ग्रीलच्या जागी कूलर येतो. नागपूर-अकोल्याकडे खिडकी बदलताना कूलर कुठून वारा देणार आणि तो वारा कुठून बाहेर जाणार, हे आधी ठरवावं लागतं. कूलरची ओली हवा दुसऱ्या बाजूने निघून गेली नाही तर खोली गार होत नाही, नुसती चिकचिकते. म्हणजे तिथेही समोरची खिडकी उघडी राहणारी हवी.

हे सगळं करण्याआधी एक प्रश्न: खिडकी खरंच बदलायची आहे का? पंखा बंद करा, खिडकी लावा आणि पेटती उदबत्ती झडपेच्या कडेकडेने सावकाश फिरवा. धूर जिथे हेलकावतो तिथे फट आहे. झडप आणि चौकट यांच्यात कागद अडकवून ओढा. अलगद निघाला तर तिथलं रबर मेलंय. अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंगचे रोलर, कडेचं ब्रशसारखं मऊ अस्तर, रबर आणि लॉक हे सगळं सुटं मिळतं आणि चांगला फॅब्रिकेटर अर्ध्या दिवसात बदलून देतो. पाणी येत असेल तर ते खिडकीतून येतंय की खिडकीभोवतीच्या भिंतीतून, हे तपासा. कुणाला तरी बाहेरून पाइपाने पाणी मारायला सांगा: आधी खालच्या दगडावर, मग बाजूच्या सांध्यांवर, शेवटी वर छज्ज्याच्या बुडाशी. छज्ज्याला भेग असेल तर नवी खिडकी तितक्याच इमानाने गळेल.

सागवानी खिडकी असेल तर माझं मत एकतर्फी आहे: काढू नका. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत, पुण्याच्या पेठांत, कोकणातल्या घरांत अजून जे जुनं सागवान आहे, तसं लाकूड आज दुकानात मिळणं कठीण. कुजतो तो बहुतेक वेळा चौकटीचा खालचा फूटभर भाग. तेवढा कापून नवा सांधा देणारा सुतार शोधा, बिजागऱ्या बदला, तावदानांना नव्याने लांबी भरा. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी पातळ शिंपल्यांची तावदानं असतात. तो शिंपला आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे एकदा भंगारात गेलेली खिडकी परत येत नाही.

आता साहित्य. अ‍ॅल्युमिनियम की यूपीव्हीसी, या वादात दोन्ही बाजूंचे विक्रेते निम्मंच खरं सांगतात. यूपीव्हीसी म्हणजे मऊ न केलेलं पीव्हीसी. ते गंजत नाही, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही, आणि त्याच्या चौकटीचे कोपरे वितळवून जोडलेले असल्यामुळे तिथून पाणी शिरत नाही. पण ते एकटं ताठ उभं राहू शकत नाही. त्याच्या पोकळीत जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची पट्टी घालावी लागते. पैसे वाचवण्याची पहिली जागा हीच, कारण ती दिसत नाही. विक्रेत्याकडून सेक्शनचा, म्हणजे चौकटीच्या पोकळ पट्टीचा, कापलेला तुकडा मागून घ्या आणि खिडकी घरी आली की जरा ताकदीचं लोहचुंबक चौकटीवरून फिरवा. आत पोलाद असेल तर ओढ जाणवते.

यूपीव्हीसी उन्हाने फुगतंही जास्त. दीड मीटरची चौकट ३० अंशांच्या फरकाने साधारण तीन मिलिमीटर वाढते. म्हणून तिच्याभोवती थोडी जागा सोडून ती लवचीक सिलिकॉनने भरायची असते. सिमेंटने गच्च बसवली तर चौकट वाकते, झडप अडकते किंवा सांध्याला केसाएवढी भेग पडते, आणि पावसाला तेवढी पुरते. पश्चिमेच्या खिडकीला गडद रंगाचं किंवा लाकडी छटेचं यूपीव्हीसी घेऊ नये असं मी सांगेन. पांढरं कमी तापतं.

अ‍ॅल्युमिनियम ताठ असतं, त्यामुळे चौकट बारीक होते आणि त्याच भोकात काच जास्त मावते. मोठ्या रुंदीच्या खिडक्या आणि वरचे मजले ही त्याची जागा. वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे, पुण्यासाठी ३९. ताशी हिशेबात मुंबईचा आकडा १५८ किलोमीटरच्या पुढे जातो. विसाव्या मजल्यावरच्या खिडकीला नाक्यावरच्या दुकानातला पाऊण इंची हलका सेक्शन वापरणं म्हणजे नशिबावर भार टाकणं. अ‍ॅल्युमिनियमचा खरा दोष असा की ते उष्णता सरळ आत आणतं. मधे नायलॉनसारख्या पदार्थाची पट्टी घालून हा मार्ग तोडलेले सेक्शन मिळतात, पण ते महाग असतात आणि दिवसरात्र एसी चालत नसेल तर त्यांची गरज नाही. साहित्य कुठलंही घ्या, किनाऱ्याजवळ राहत असाल तर स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्याच, हे लिहून घ्या. सगळी खिडकी ठणठणीत आणि चार स्क्रू गंजून चौकटीवर तांबडे ओघळ, हे दृश्य वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही दिसेल.

काचेबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज 'डबल काच घेतली की ऊन थांबतं' हा आहे. काचेतून उन्हाची किती उष्णता आत येते याचा एक गुणांक असतो. साध्या पारदर्शक एकेरी काचेचा तो ०.८ च्या आसपास असतो, आणि साध्याच दोन काचांमध्ये हवेची पोकळी ठेवून केलेल्या दुहेरी काचेचा ०.७ च्या आसपास. एवढ्या खर्चाला एवढाच फरक. दुहेरी काच उपयोगी पडते ती आतली गार हवा टिकवायला, म्हणजे एसी बराच वेळ चालणाऱ्या खोलीत. ऊन अडवायला वेगळा लेप दिलेली काच लागते. विकत घेताना तिचा हाच गुणांक विचारा. काळी किंवा आरशासारखी काच घेण्याआधी दोन गोष्टी लक्षात ठेवा. दिवसा दिवा लावावा लागेल, आणि आरशाचा आडोसा फक्त दिवसापुरता असतो; रात्री आत दिवा आणि बाहेर अंधार झाला की सगळं घर रस्त्याला दिसतं. दुहेरी काचेचा सील फुटला तर मधे धुकं जमतं. ते पुसता येत नाही, काचेची पूर्ण जोडी बदलावी लागते. तिची हमी किती वर्षांची, ते वेगळं विचारा.

त्याहून स्वस्त उपाय दिशेत आहे. मुंबईत मेच्या मध्याला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, तिथून उत्तरेकडे सरकतो आणि जुलैअखेर पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला परततो. त्यामुळे कडक उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला दुपारी दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. छळते ती पश्चिम. तिथे चारनंतर ऊन छज्ज्याच्या खालून आडवं आत येतं आणि छज्जा बिनकामाचा ठरतो. म्हणून सगळ्या खिडक्यांना भारी काच लावण्यापेक्षा पश्चिमेच्या एका खिडकीवर खर्च करा, आणि शक्य असेल तर बाहेरच्या अंगाला बांबूची चीक किंवा जाळीचं कापड सोडा. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे उष्णता घरात आलेलीच असते. बाहेर अडवली तर ती बाहेरच राहते.

आवाजाचं गणित आणखी निष्ठुर आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलपर्यंत आवाज असावा असं २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. रस्त्याकडेच्या घरात राहणाऱ्याने यावर काय बोलावं. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या शंभरातला एक भाग जरी फट राहिली, तरी काच कितीही जाड असो, ती खिडकी २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज कमी करू शकत नाही. म्हणजे पैसा आधी फटींवर. स्लायडिंगमध्ये झडप सरकायला फट ठेवावीच लागते, म्हणून आवाजासाठी ओपनेबलच, रबराच्या दुहेरी पट्टीची आणि हँडल फिरवताच तीन-चार ठिकाणी आवळणाऱ्या लॉकची. काच मग लॅमिनेटेड घ्या. तिच्या दोन थरांमधला चिकट पडदा वाहनांचा घरघराट चांगला खातो, आणि फुटली तरी काच जागेवर चिकटून राहते. टफन्ड काच ताकदीला चांगली, फुटली तर बारीक बोथट तुकडे होतात. पण ती आवाजासाठी नसते आणि एकदा टफन्ड केल्यावर कापता येत नाही. माप चुकलं की काच वाया. तिच्या कोपऱ्यात उत्पादकाचा कोरलेला शिक्का असतो, तो नसेल तर काच परत पाठवा. मात्र अशी बंदिस्त खिडकी रस्त्याकडच्या झोपायच्या खोलीपुरतीच ठेवा. सगळं घर असं बंद केलंत तर पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांवर बुरशी धरेल.

न्हाणीघराचा झरोका बंद करायचा मोह अनेकांना होतो. लूव्हरच्या पट्ट्या काढायच्या, तिथे छान दुधी काच बसवायची. घरात गॅस गिझर असेल तर हे जिवावर बेतू शकतं. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. गिझर न्हाणीघराबाहेर हलवा किंवा लूव्हर राहू द्या. तिसरा पर्याय नाही. स्वयंपाकघरालाही हेच लागू.

बसवण्याचा हंगाम दिवाळीनंतरचा. भिंती कोरड्या असतात, सिलिकॉन नीट धरतं आणि काही बिघडलं तर पावसाआधी दुरुस्तीला वेळ मिळतो. सिलिकॉन 'न्यूट्रल' असावं. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते धातूला आणि संगमरवराला खराब करतं. खालच्या कडाप्पा किंवा ग्रॅनाइटला बाहेरच्या बाजूने ढाळ आहे का, ते गोटी ठेवून बघा. ढाळ आत असेल तर खिडकीवाल्याला थांबवा आणि आधी गवंडी बोलवा.

माप घेणारा माणूस येईल तेव्हा घरी राहा. रुंदी वर, मधे आणि खाली, उंची डावीकडे, मधे आणि उजवीकडे अशी तीन-तीन ठिकाणी घेऊन सगळ्यात लहान माप धरायचं असतं. दोन्ही कर्ण मोजायचे असतात, कारण जुन्या इमारतीतलं एकही भोक काटकोनात नसतं. जुनी चौकट तशीच ठेवून आत नवी बसवतो असं तो म्हणाला तर काम स्वच्छ होईल, भिंत फुटणार नाही, पण मोकळी जागा आणखी आक्रसेल. नव्या चौकटीची ६० मिलिमीटरची एक-एक बाजू धरली तरी १२०० मिलिमीटरच्या रुंदीतले १२० गेले, झडपांची कड वेगळीच. भिंत मजबूत असेल तर मी जुनी चौकट काढायलाच सांगेन. पण भोक मोठं करायचा विचार नको, छज्जा तोडायचा तर अजिबात नको. बाहेरून दिसणारा रंग आणि ग्रील याबाबत सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. शेजाऱ्याने घेतली नव्हती, हे उत्तर समितीसमोर चालत नाही.

दरपत्रक चौरस फुटाच्या भावात येतं आणि तिथेच फसगत होते. भावात जाळी धरली आहे का, काच किती मिलिमीटरची, जुनी खिडकी काढून नेणं, बाहेरून काम करायला झुला लागला तर त्याचे पैसे, सिलिकॉन, जीएसटी, हे सगळं लिहून मागा. तीन दरपत्रकं घेतलीत तरी तिन्हींमध्ये काच आणि सेक्शन सारखे असल्याशिवाय तुलना निरर्थक आहे. शेवटची थोडी रक्कम पहिल्या पावसानंतर देऊ, असं म्हणून बघा. बरेच जण नाही म्हणतील. जो हो म्हणेल त्याला आपल्या कामाबद्दल काहीतरी ठाऊक आहे.

आणि काम संपवून माणसं साहित्य आवरत असतील तेव्हा एक तांब्या पाणी ट्रॅकमध्ये ओता. ते बाहेर वाहून गेलेलं दिसल्याशिवाय त्यांना चहा देऊ नका.